चौदा नंबर

पिट्सबर्गला जानेवारीत उजाडता उजाडत नाही.
सहाला मी हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी, बूट आपटून बर्फ झाडत.
गळ्यात पट्टा: दुभाषी, मराठी. पैसे तासावर.
नियम पाठ आहेत: आपलं काही घालायचं नाही,
त्यांचं काही गाळायचं नाही.

टेबलावर मालिनीबाई ढवळीकर, वय एकसष्ट,
टेकडीवरच्या गल्लीत शिवणकामाचं दुकान,
लोकांच्या पँटी आखूड करण्यात तीस वर्षं गेली.
कवटीला एक खिडकी पाडलेली
आणि बाई जाग्या.
निळ्या पडद्याच्या अलीकडे मी आणि त्यांचा चेहरा,
पलीकडे डॉक्टर आणि त्यांचा मेंदू.
दोन्हीकडे त्याच.

"मेंदूला दुखत नाही," डॉक्टर व्हिटकॉम्ब म्हणाल्या.
मी ते मराठीत सांगितलं.
"मग इतकी वर्षं दुखत होतं ते काय?"
मी तेही इंग्रजीत सांगितलं.
कुणीतरी मास्कच्या आत हसलं.

मी चित्रं धरत होते.
किटली. "किटली."
शिडी. "शिडी."
मांजर. "बोका आहे तो."
कात्री.

तारेचं टोक टेकलं.
स्क्रीनवरची रेघ किंचित दचकली.
"हे… आपलं हे…"
उजव्या हाताची दोन बोटं हवा कापू लागली,
काठाकाठाने, सरळ,
शिवणीपुरती जागा सोडून.
"आपलं हे गं…"

"काय म्हणतायत?"
'आपलं हे'ला इंग्रजीत काय म्हणतात?
आपलं म्हणजे तुझं नि माझं,
हे म्हणजे दोघींना ठाऊक असलेलं,
फक्त तोंडात नसलेलं.
"त्यांना माहीत आहे," मी म्हणाले.
नियमाबाहेरचं वाक्य. तेरा वर्षांत पहिलं.

टोक उचललं. "कात्री," बाई म्हणाल्या,
अडकलेला ड्रॉवर एकदम निघावा तसं.

मग कानाच्या वर, दुसऱ्या जागी.
मालिनीबाई मान वळवू पाहत होत्या; मान क्लॅम्पमध्ये.
"कोण आलं?"
कुणी नाही.
"आत्ता हाक मारली ना. मालू म्हणून.
ओल्या चादरींचा वास आला, मग हाक."
डॉक्टरांनी त्या जागी तांदळाएवढा कागद ठेवला,
वर आकडा: चौदा.

या गावात चारशेवर पूल आहेत,
त्यातले दोन ओलांडून मी कामावर येते.
त्या कागदापासून त्या हाकेपर्यंत
मला एकही दिसला नाही,
आणि बाई तर कधीच पोचल्या होत्या, अनवाणी.

आत दुसरं कुणी बसलेलं असतं असं मी म्हणत नाही.
करंट थांबला, हाक थांबली; समोर पाहिलंय.
पण करंट इथल्याच विजेचा, हॉस्पिटलच्या मीटरवरचा.
त्याला मालू हे नाव
कुणी सांगितलं?

पाच तास चाळीस मिनिटं.
फॉर्मवर शेवटचा रकाना:
भाषांतर न झालेलं काही?
मी 'नाही'वर खूण केली
आणि बसमध्ये दोन स्टॉप पुढे जाऊन उतरले.

मार्चमध्ये कोटाचं अस्तर उसवलं म्हणून दुकानात गेले.
बाईंच्या डोक्याला रुमाल, ओठांत टाचण्या.
भिंतीवर लोकांचे कोट, आत माणसं नसलेले,
खांदे मात्र ज्याचे त्याचे.
"गाठ काढली म्हणे. लिंबाएवढी."
एकेक टाचणी उशीत खोचत त्यांनी विचारलं,
"आणि ते चौदा नंबर? तेही कापलं?"
"नाही. ते ठेवलं.
बोलणारं, ऐकणारं शक्यतो कापत नाहीत."

मालिनीबाईंनी कात्री उचलली, नाव न घेता,
आणि माझा एक लोंबता दोरा तोडला.
"बरं केलं," म्हणाल्या.
"कोण हाक मारत होतं
ते अजून कळायचंय."