दुधाची पाळी

जेचॉनच्या शाळेत, दुसऱ्या तासाआधी
हिरवा क्रेट घेऊन येते गाउल.
या आठवड्यात दुधाची पाळी तिची.
मागल्या वर्षी बत्तीस खोकी असत,
आता तीन.
बाकीच्यांचं पोट गुडगुडतं,
किंवा वास नको असतो,
किंवा रात्री अकराला शिकवणी सुटली
की कोपऱ्यावर मिळते गार कॉफी, झोप उडवणारी.

नर्सबाई भिंतीशी उभं करून उंची मोजतात,
कॅल्शियम म्हणतात, हाडं म्हणतात.
पोरं हळूच टाचा उचलतात.

तीन खोकी कुणाची, सगळ्या वर्गाला ठाऊक:
ज्यांचे पैसे सरकार भरतं.
म्हणून मूयॉल वर्गात दूध पीत नाही.
बाकाच्या खणात सारतो.
एकदा सुट्टीत तिथंच ते फुगलं, फुटलं;
गणिताच्या वहीला अजून आंबूस वास.

आज क्रेटमध्ये चौथं खोकं.
गाउलचं. विकतचं.
मूयॉलच्या बाकाला टेकून तिनं ते उघडलं,
घटाघट अर्धं संपवलं, नाक मुरडलं,
म्हणाली, "गार आहे तोवर पी."

त्यानं घाईत चुकीची बाजू फाडली.
थोडं बाहीवर सांडलं.

तिसऱ्या तासाला
गाउल पोट धरून बसली होती.