रिकामा रकाना

अकरावी ब. भूशास्त्राचा तास, डब्यानंतरचा,
म्हणजे अर्धा वर्ग बेसाल्टइतका जड.
पुस्तकं मिटा, म्हणालो.
पुस्तकातली नदी नेहमी डावीकडून उजवीकडे वाहते
आणि पूर तिला फक्त आकृती सहा-दोनमध्ये येतो.

वाटले कागद:
आंबील ओढा, सप्टेंबर, ती एक रात्र.
पहिला रकाना वेळ, दुसरा पाऊस, तिसरा पाण्याची उंची.
आलेख काढा. पेन्सिलीने.

घोडके म्हणाला, सर, एवढासा तर आहे,
आम्ही त्याला नाला म्हणतो.
नाव तुम्ही बदललंत, मी म्हणालो, उतार नाही बदलला.
(हे वाक्य मी दर वर्षी म्हणतो.
दर वर्षी कुणीतरी ते वहीत उतरवून घेतं.)

रेषा चढू लागल्या.
सव्वादहापर्यंत सगळ्यांच्या सारख्या,
पर्वतीच्या पायऱ्यांसारख्या, दम खात खात वर.
मग साडेदहा ते पाऊण: रकाना रिकामा.
मोजणारा माणूस त्या वेळी
आईला पाठुंगळी घेऊन कुणाच्या तरी गच्चीवर होता,
असं ऐकलंय. कागदावर तसं काही नाही.
कागदावर नुसती एक आडवी रेघ.

अर्ध्या वर्गाने तिथे शून्य मांडलं.
आलेख धाडकन तळाला,
जणू पाणी उठून घरी गेलं
आणि जेवून पाऊणला परत आलं.

माहीत नसणं म्हणजे शून्य नव्हे,
हे फळ्यावर लिहीत होतो, खडू तुटला,
तेवढ्यात मागच्या बाकावरून शाहिस्ता बागवान,
जूनपासून हजेरीपलीकडे जिचा आवाज ऐकला नव्हता:
साडेदहाला चौथ्या पायरीवर होतं.

काय?

पाणी. आमचा जिना अरण्येश्वराच्या मागे.
तेव्हा मी सहावीत.
लाइट गेले तेव्हा मीटरच्या पेटीला लागलं.
मग फ्रिज तरंगत आला, आडवा होऊन दारात बसला,
म्हणून आम्ही खिडकीतून.
अब्बांच्या घड्याळात अकरा वीस.
त्यात अजून अकरा वीसच आहेत.

पंख्याचा आवाज.
सांत्वन अभ्यासक्रमात नाही, आणि मला येतही नाही.
मी विचारलं, पायरीची उंची किती?
विचारलं आणि जीभ चावली.
ती म्हणाली, मोजून आणते.

दुसऱ्या दिवशी वहीचं पान:
पायरी सात इंच. पहिली फक्त चार,
कारण नंतरच्या डांबराने तीन इंच गिळले,
ते मिळवून धरायचे.
मीटरची पेटी. खिडकीची चौकट.
घोडकेने बेरजा केल्या, एक चुकली, तिने दुरुस्त केली.

शून्यं खोडली.
रिकाम्या जागेत तीन ठिपके आले.
त्यांना जोडणारी रेष तुटक काढू या, म्हणाली,
मी तेव्हा घाबरले होते, इंचभर इकडेतिकडे असेल.

सर्वांत वरचा ठिपका कागदात मावेना.
गुंजाळमामांनी प्रयोगशाळेतून डिंक आणला,
वर आणखी एक कागद जोडला.

आलेखाखाली स्रोत लिहायचा असतो.
तिने लिहिला, बारीक, सरळ अक्षरात:
पुलाजवळची मोजपट्टी,
आणि आमचा जिना.