मेकनंतर टू येत नाही

तंबाखूच्या वखारीवर आमचा वर्ग,
निपाणीत, संध्याकाळी सात ते आठ.
मी फळ्याकडे वळले की कुणीतरी शिंकतं,
मग अख्खा बाक शिंकतो,
खडूची आणि जर्द्याची धूळ वेगळी ओळखू येत नाही.

आज लेट, मेक, अलाव, गेट.
म्हटलं, पुस्तकातली वाक्यं नकोत,
घरातली सांगा.

आक्काताईनं हात वर केला,
विड्या वळून काळवंडलेली बोटं :
माय फादर मेड मी टू लीव्ह स्कूल.
छान, म्हटलं, फक्त टू काढा.
मेकनंतर टू येत नाही.
करायला लावणारा आणि करणारी,
दोघांच्या मध्ये पाय ठेवायलाही जागा नसते.
खोडता खोडता ती म्हणाली,
खरंच नव्हती हो बाई.

बसव्वा कानडीतच सुरू झाली :
नम्मव्वा बिडलिल्ला.
बिडु म्हणजे सोड, बिडु म्हणजे जाऊ दे,
तिच्याकडे एकाच शब्दात भागतं.
मी लिहिलं, माय मदर डिडन्ट लेट मी...
कुठं जायचं होतं, ते तिनं सांगितलं नाही.
वाक्य तसंच राहिलं फळ्यावर, तीन टिंबांसकट.

जुबेदा म्हणाली, माझं गेट.
भावाकडे आधी आईला धाडलं, मग मामूंना,
शेवटी त्याच्याच दोस्ताच्या बायकोला :
आय गॉट हिम टू साइन द फॉर्म.
इथं मात्र टू हवाच.
पटवायचं तर एवढं चालावं लागतं.
सगळे हसले. पुन्हा कुणी शिंकलं.

मागच्या बाकावर पारिसअण्णा, वय बासष्ट,
परदेशातल्या नातवाशी फोनवर चार शब्द बोलता यावेत
म्हणून येतात.
हळूच म्हणाले, टीचर,
पोरीला मी नाही म्हटलं नव्हतं.
बारावीचा निकाल घेऊन समोर उभी होती,
मी नुसता पेपर वाचत राहिलो.
दुसऱ्यांदा विचारलं नाही तिनं.
ह्याला कुठलं क्रियापद?

मी पुस्तक चाळलं, उगाच.
खाली कुणीतरी वखारीचं शटर ओढलं.
उद्या सांगते, म्हटलं,
आणि दोन दिवस वर्गच घेतला नाही.

त्यानंतर त्यांनी वही पुढे केली.
सुबक अक्षरात एकच ओळ :
आय मेड हर स्टे होम.

टू नव्हता.
चूक काढावी असं काहीच नव्हतं.
लाल पेन मी बराच वेळ
टोपणासकट हातात धरून बसले.