पाठपोट

मी काही तत्त्वानं वगैरे गेलो नव्हतो.
भरमा मुतगेकराचं अक्षर वाईट,
पावतीवर तीन की आठ, कळायचं नाही,
त्यावरून दोनदा भांडणं झालेली,
म्हणून त्यानं मला तिसऱ्या गेटापाशी गाठलं, सायकल धरून:
‘दोन्ही लिप्या येतात न्हवं तुला?
मग घरात बसून काय करूलास?’

येत होत्या.
चौथीपर्यंत मराठी शाळा, मजगावात,
पुढं कन्नड, सरकारी,
मग आयटीआय, जिथं कुठलीच भाषा नव्हती,
फक्त मायक्रोमीटर.

युनियनचं ऑफिस म्हणजे
दस्तगीरच्या पंक्चरच्या दुकानावरचा माळा.
शिडी, एक पत्र्याची ट्रंक,
ट्रंकेत मागच्या संपाचं लाल कापड,
कडेला उंदरानं खाल्लेलं.
पहिल्या दिवशी मी नुसते रकाने आखले.
नाव. खातं. वर्गणी.
आखता आखता दिसलं,
फेटलिंगमधली नावं वहीत चार वर्षांवर टिकत नाहीत.
आधी खोकला येतो,
मग सही येत नाही.
मी कुणाला बोललो नाही.
पुढच्या रविवारी परत गेलो.

पत्रक काढायचं ठरलं.
मास्क, हजेरीकार्ड,
आणि ठेकेदारानं कापलेला पीएफ गेला कुठं.
मजकुराला दहा मिनिटं लागली,
वर कुठली भाषा, याला दोन रात्री.
भरमा म्हणाला, मराठी.
त्याच्या बापानं एका मोर्चात खाल्लेली लाठी
अजून त्यांच्या घरात राहते, जेवायला बसते.
बसलिंगप्पा म्हणाला,
मग बैलहोंगलच्या पोरांना मी काय तोंड दाखवू?

दोघं एकाच लॅडलचे दांडे धरणारे.
सतरा वर्षं पावलाला पाऊल,
मधे चौदाशे अंशांचं लोखंड,
थेंब सांडला नाही कधी.
ते एका कागदावर सांडले.

शेवटी कोअर शॉपची तायव्वा उठली.
वाळूनं नखं गेलेल्या बोटांनी
तिनं कागद उलटा केला, सुलटा केला.
‘पाठपोट छापा की. इकडं हे, तिकडं ते.’
‘पण पाठ कुठली नि पोट कुठलं?’
भरमानं विचारलंच.
‘राबायला लागलं की पाठ,
ताटावर बसलं की होट्टे.
दिवसातनं दोनदा पालटतंय, मर्दा.
तुझं पालटत न्हाई?’

पाचशे प्रती.
उद्यमबाग, सकाळची पाळी, सव्वासहा.
वॉचमननं माझं नाव लिहून घेतलं,
चुकीचं लिहिलं,
मी दुरुस्त करून दिलं.
सवय.
नंतर हात कापायला लागले, पण तोवर
शाई वाळली होती.

मग पत्र्याच्या खोल्यांतनं नवी पोरं आली,
झारखंडची, ठेक्यावरची.
एकानं कागद घेतला, उलटला, परत उलटला,
दोन्हीकडं आपलं काही नाही असं बघून
नीट घडी घातली, खिशात ठेवली,
आणि तिथंच उभा राहिला.
‘क्या लिखा है?’

दोन रात्री आम्ही वरच्या बाजूसाठी भांडलो.
हा कुणाच्याच ध्यानात नव्हता,
आणि पाचशेत हे दोनशे.

मी मोडक्यातोडक्या हिंदीत सुरू केलं.
मास्कला मास्कच म्हणतात.
ठेकेदाराला ठेकेदार.
पीएफ त्याला माहीत नव्हता,
तो कापला जातो, हे माहीत होतं.
भोंगा झाला. मी अर्ध्यावर.
त्यानं माझ्या हातातल्या आणखी दहा प्रती घेतल्या.
‘पढ़ेगा कौन?’ मी विचारलं.
‘तुम. शाम को, कमरे पे.’

म्हणून आज घरी जायला उशीर.
तिथं एकच बल्ब, अठरा माणसं,
शिजणाऱ्या भाताचा वास,
आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत.

रात्री माळ्यावर येऊन वहीत नवं पान काढलं,
एक रकाना जास्त आखला.
त्याच्यावर काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.
पहिली ओळ मात्र भरली,
भरमालासुद्धा वाचता येईल अशा अक्षरात:
मंगरा उरांव.
फेटलिंग.