वाजवून बघणारा

उद्यमबागेत एकवीस वर्षं
मी ओतीव लोखंड वाजवून बघतोय, छोट्या हातोडीनं.
चांगलं असलं तर घंटेसारखं बोलतं,
आत चीर असली तर घशात अडकल्यागत.
चीर म्हणजे लाल रंग. लाल म्हणजे परत भट्टीत.
एवढीच माझी विद्या.

म्हणून शनिवार खुटावरच्या दुकानात
पोरीसाठी हेल्मेट घ्यायला गेलो
तर तिथंही बोटाच्या पेरानं टकटक केलं.
गुरुसिद्द हसला. "काका, नारळ घ्यायलाय काय?"

सातशे. अठराशे. साडेचार हजार.
आणि काचेच्या कपाटात, दिव्याखाली,
एकटंच, अकरा हजारांचं,
पालखीत बसवायच्या मुखवट्यासारखं.
सुलक्षणा त्याच्याकडंच बघत उभी.
त्याच्यावर पाच तारे.

तारे कुणी दिले गा?
"परदेशात आपटून बघतात, काका."
मग स्वस्तातल्याला मिळत नाहीत?
त्यानं आधी गल्ल्याकडं बघितलं. मालक जेवायला गेलेला.
"मिळतात की. कधी कधी महागाला कमीसुद्धा.
वरचे पैसे वाऱ्याचे, काचेचे, हलकेपणाचे. रंगाचे.
खाली मात्र एक हद्द आहे. शिक्का बघा, खरा बघा."
आणि काकतीजवळ हायवेला दोरीवर लोंबतात ती, अडीचशेची?
"ती पोलिसासाठी असतात."

मला टोपाण्णा आठवला, माझा मेहुणा.
सुळग्याच्या वळणावर उसाची ट्रॉली, मागं दिवा नाही.
दवाखान्यात त्याचं हेल्मेट माझ्या हातात दिलं,
शर्टाबरोबर, एकाच पिशवीत.
सातशेचं. मी सवयीनं वाजवलं.
घशात अडकल्यागत बोललं.
कानापासून टाळूपर्यंत केसाएवढी चीर,
आतलं थर्माकोल एका जागी खचलेलं,
ओल्या पिठात अंगठा रुतल्यागत.
बाद माल, मी म्हटलं, आणि कंपनीच्या आईबहिणी काढल्या
त्या स्वच्छ बोळात.
आत खाटेवर टोपाण्णा विचारत होता,
गाडीची चावी कुठाय?
तीनदा तेच विचारलं. पण विचारलं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोडलं ते बरं झालं.
मार कुठं तरी जायलाच हवा होता."

त्याच पावसाळ्यात कडोलीचा रवळू गेला.
त्याचं हेल्मेट नऊ हजारांचं, मुंबईहून मागवलेलं,
गाडीच्या आरशाला अडकवलेलं होतं.
वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा खुंटीवर बघितलं.
ओरखडा नाही.
मी ते वाजवलं नाही.

"पप्पा, गाल दाबायलेत."
दाबू देत. मान हलव. कपाळाची कातडी बरोबर हलते काय?
अकरा हजारांचं तिच्या डोक्यात डुगडुगत होतं,
लग्नातल्या उसन्या फेट्यासारखं.
अठराशेचं घट्ट बसलं, पण काळं.
तिचं तोंड बघून चारशे जास्त दिले, निळं घेतलं.
चारशे रुपये रंगाचे. मला ते माहीत आहे.

टोपाण्णा अजून म्हणतो, फेविक्विक लावून वापरतो की मी ते.
म्हणून परवा त्याच्या माळ्यावर चढलो,
पट्टा कात्रीनं कापला,
आणि कारखान्यातून खिशात आणलेल्या डबीतला
हिरवा ठिपका दिला, बरोबर चिरेवर.
बहीण खालून ओरडली, फुटक्याला काय रंगवायलास?
काय सांगणार. एकवीस वर्षं
मोडणाऱ्याला लाल फासला मी.
नखात हिरवा अजून आहे, रॉकेलनं जात नाही.

सकाळी साडेसात. दारात गाडी चालू झाली.
चहा तसाच ठेवून मी कान देतो:
इंजिन नाही, हॉर्न नाही,
हनुवटीखालचा तो बारीक आवाज.

आज उशीर लावायली.

कट्ट.

बरं, जा.