एकाच खोलीवर

चिरमुरे गुरुजींचा अर्धपुतळा
घडवालोय पडद्यावर, खानापुरात, भट्टीमागच्या खोलीत.
हाताशी एकच फोटो. बसपासचा.
उजव्या कानावर डेपोचा शिक्का.

फोटो मूर्तीमागं लावला
की गालावर काळे पट्टे उठतात,
जरा फिरवलं की कागदातला डोळा
नाकाच्या हाडातून बाहेर बघतो.

ड्रायव्हर नवा घातला.
बंद करून चालू केलं, दोनदा.
फोटोची पारदर्शकता काढून टाकली,
तर गुरुजीच गडप,
शिक्का तेवढा उरला.

परशरामकाका चिखलाचे हात घेऊन दारात:
'माती कधी अशी लुकलुकलेली बघितलीस काय?'

शेवटी हुबळीच्या शिवयोगीला फोन लावला.
तो म्हणाला, दोन्ही पृष्ठं एकाच खोलीवर बसलीत,
पुढं कोण, मागं कोण,
यंत्राला ठरवता येईना,
म्हणून दर क्षणाला नवा निकाल.
'फोटो स्वल्प हिंद सरसरी.'

सरकवला. दोन घरं मागं.
पट्टे गेले. डोळा डोळ्याच्या जागी.
इतका साधा इलाज, आणि माझी दुपार गेली.

काका वाकून बघत राहिले.
याच हातांवर गुरुजींची छडी बसलेली,
एका तासाला मराठीसाठी, पुढच्या तासाला कन्नडसाठी.
'बरोबर आलंय,' म्हणाले,
'पण असा गप्प बसणारा माणूस नव्हता तो.'

त्यांनी हात धुवायला पाठ फिरवली
तसा मी फोटो
हळूच दोन घरं पुढं आणला.