दिवस गेलेत का?

एक्स-रेच्या खोलीत सतरा वर्षं
प्रत्येक बाईला मी दारातच विचारते:
दिवस गेलेत का? पाळी कधी आली होती?
कुणी लाजतं, कुणी चिडतं, कुणी बोटांवर मोजत राहतं.
हो म्हणाली की तिला परत पाठवते.
एकदा, फार पूर्वी, मीच हो म्हणाले असते.
पण मी दाराच्या आतल्या बाजूला होते,
विचारायचं काम माझंच.

मांदेलीला मात्र मी स्वतः उचलून टेबलावर ठेवलं.
डॉक्टर म्हणाल्या, कुत्र्यांचं वेगळं,
शेवटी शेवटी हाडं भरली की मोजून घ्यायचं.
काळ्या फिल्मवर, मासळी खाऊन उरावेत तसे
बारीक कणे, एकमेकांच्या पायांत पाय.
पाच, म्हटलं मी, त्यांच्या आधी.
आजवर तुटलेलंच मोजत आले होते.

ऐरोलीत तळमजल्यावर माझं घर.
टीव्हीच्या खोक्याची एक बाजू कापून
बाळंतिणीची खोली केली,
खाली वर्तमानपत्रं, वर ड्यूटीच्या जुन्या साड्या.
तिने हुंगून पाहिली
आणि मोरीत जाऊन झोपली.

दिवसातून तीनदा ताप, कॅलेंडरच्या पाठीवर:
१०१.२
१०१
१००.६
मंगळवारी दुपारी ९८.४.
माणसाचा असता तर म्हटलं असतं, बरी आहेस.
तिने भात-कोंबडी हुंगलीसुद्धा नाही.
लादी उकरत राहिली,
जणू खाली माती असल्याचं तिला पक्कं ठाऊक होतं.

दिवागावातून ठमाबाय मढवी आली.
खाडीत भराव पडायच्या आधीची सुईण,
हल्ली कुणी बोलावत नाही.
माझी उकळलेली कात्री, दोरा, हातमोजे बघून हसली.
आधी लाईट घालवला.
"तिचेकरं बगू नको गो. नजरंनं कला अरतान."
मग आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून
अंधारात लसूण सोलत बसलो.

साडेअकराला पाठीमागे ओलं काहीतरी फाटलं,
मग चाटण्याचा आवाज, मग शिट्टीएवढं रडू.
कात्रीला कुणी हात लावला नाही.
दुसरं. तिसरं पायांकडून. चौथं पावणेतीनला.
मग लसूण संपला.

पहाटे पाचला फैय्याजची रिक्षा.
चौघं भाजीच्या पिशवीत, गरम पाण्याच्या बाटलीला चिकटून,
मांदेली माझ्या मांडीवर, जड, थरथरती.
ठाण्याचा दवाखाना वीस मिनिटांवर
आणि विटाव्याच्या पुलाखाली कंटेनर अडकलेला.
फैय्याजने इंजिन बंद केलं.
काही न बोलता
समोरचा आरसा छताकडे फिरवला.

पाचवं तिथे आलं.
पुरतं होतं. नखांसकट.
पिशवी फाडली, तोंड पुसलं, डोकं खाली धरून
ओढणीने चोळलं, चोळलं,
मागून हॉर्न, हॉर्न, हॉर्न,
आणि माझ्या तळहातावर ते कोमट
आणि तेवढंच कोमट
आणि मग थोडं कमी.

फिल्म खोटं बोलत नाही.
पाच होते.
पुढचं तिला विचारायचं नसतं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, म्हणाल्या, मोकळी झाली,
कॅल्शियम द्या, उष्ट्या दुधाचं भांडं रोज घासा.
ठमाबायने ओढणीतली पुरचुंडी माझ्या हातून घेतली,
शेवग्याखाली गेली, हात धुऊन परत आली, चहा मागितला.

आता साडेनऊ. दहाला माझी ड्यूटी.
खोक्यात, हो, खोक्यातच,
चौघं दुधाला लागलीत, मागचे पाय रेटत.
मांदेली मान वर करते,
माझा उजवा हात हुंगते
आणि चाटायला लागते,
साबणाने दोनदा धुतलेला हात,
जोर लावून, बोटं वेगळी करून करून,
बेचक्यांतून, नखांच्या कडांनी,
अजून काहीतरी उठेल म्हणून.
मी हात काढून घेत नाही.